नव्वद सेकंदांचा सप्ताह

बुधाजी म्हात्र्यांना आयुष्यात दोन गोष्टी नीट करता येत. कीर्तन ऐकणं ही एक, आणि कीर्तनातली चूक काढणं ही दुसरी. अंबरनाथच्या कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली, पण साहेबाला विचारलंत तर तो म्हणेल, माणूस चांगला, फक्त एकादशीला कुठे असतो ते विचारू नका. बदलापूरच्या मांजर्लीपासून, जिथे ते राहत, वांगणीपर्यंत कुठेही टाळ वाजला की बुधाजी पहिल्या रांगेत. बुवा अभंगाच्या चरणावर अडखळले, की ह्यांच्या भुवया वर. कित्येक बुवा त्या भुवयांकडे बघतच निरूपण करत.

एकुलती एक मुलगी नेत्रा, लहानपणी ह्यांच्याच मांडीवर बसून झोपा काढत कीर्तनं ऐकायची. झोपेत कानात किती शिरतं ते देवाला ठाऊक. लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर, हितेशबरोबर, बहरीनला गेली. तिथल्या मराठी मंडळात आधी भजन, मग प्रवचन, आणि आता २००९ सालच्या त्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता तिचं पहिलं कीर्तन ठरलं. आपल्याकडचे साडेपाच. तिने बापाला फोनवर एकच अट घातली होती.

"बाबा, तुम्ही समोर दिसल्याशिवाय मी उभी राहणार नाय. आणि चुकलं ते तिथल्या तिथे सांगायचं. नंतर आईकडून निरोप नको."

"सांगतो ना," बुधाजी म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना.

कारण समोर दिसायचं कसं, हाच प्रश्न. हितेशने गेल्या खेपेला आपला जुना लॅपटॉप सासऱ्याकडे ठेवला होता, कॅमेऱ्यासकट. पण बुधाजींच्या तळमजल्यावर इंटरनेट नव्हतं. ते होतं तिसऱ्या मजल्यावर, राजेंद्र जाधवच्या घरी. राजेंद्र भला माणूस, बी.एससी. झालेला, एमआयडीसीतल्या लॅबमध्ये नोकरीला. तो म्हणाला, "दादा, माझा पासवर्ड घ्या, कीर्तन बघा." पण त्याच्या वायरलेसचा सिग्नल दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत यायचा आणि तिथेच दम टाकायचा. आणि बुधाजींच्या गुडघ्याची वाटी नुकतीच बदललेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही.

तेव्हा हितेशने उपाय काढला. दुसरा एक राउटर घ्यायचा, स्वस्तातला, जुना चालेल. तो वरचा सिग्नल पकडेल आणि खाली पुढे ढकलेल. कंपनीने त्याला ती विद्या शिकवलेली नसते. पण त्याच्या पोटातला मूळ प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो काढून तिथे दुसरा बसवता येतो. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, आणि फुकट.

"फुकट म्हणजे कसा?" बुधाजींनी विचारलं.

"म्हणजे लिहिलाय त्यांनी, वाटतात सगळ्यांना. ज्याला पाहिजे त्याने न्या."

"म्हणजे महाप्रसादच की!" बुधाजींचा चेहरा खुलला. "मग घ्यायलाच पाहिजे. प्रसादाला नाय म्हणू नये."

राउटर आला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून, लछमन शेठच्या दुकानातून. शेठनी निळा-काळा डबा फडक्याने पुसला, दोन्ही अँटेना कानासारख्या उभ्या केल्या आणि म्हणाले, "साईं, ले जाओ. बॉडी पुरानी है, आत्मा तुम नई डाल देना." बुधाजींना वाटलं, हा माणूस दुकानाच्या लाइनीत नसता तर बुवा झाला असता.

गुरुवारी संध्याकाळी राजेंद्रने वायर जोडून नवा आत्मा घातला. पाच मिनिटांचं काम. डब्यावरचे दिवे सगळे एकदम लागले, मग सगळे एकदम लुकलुकू लागले, आणि थांबेचनात. रात्रभर लुकलुकले. कुंदाबाईंनी, म्हणजे बुधाजींच्या मंडळींनी, त्यावर टॉवेल टाकला.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता ठरल्याप्रमाणे बहरीनहून हितेशचा फोन आला, कुंदाबाईंच्या मोबाइलवर. शुक्रवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे राजेंद्रही खाली येऊन बसला होता. बुधाजी नुकतेच देवपूजेला बसलेले, चौरंगासमोर खुर्ची टाकून. मोबाइल त्यांनी मान वाकडी करून खांद्यात धरला आणि डबा मांडीवर घेतला.

"बाबा, जुनी आठवण पुसायची आहे त्याची," हितेश सांगत होता. "मागे हरभऱ्याएवढं बटण आहे ना, ते दाबून धरा. तीस सेकंद. मग बोट न काढता प्लग उपटायचा, अजून तीस सेकंद. मग बोट न काढता प्लग लावायचा, अजून तीस. कळलं?"

"कळलं. नव्वद."

"घड्याळ नका बघू, मी मोजतो. आणि बाबा, मी सांगेपर्यंत बोट काढायचं नाही हां. मध्येच सुटलं तर डब्याची वीट होईल, वीट! मग कोणी काही करू शकत नाही."

बुधाजींनी बोट ठेवलं. राजेंद्रने प्लग उपटला, राजेंद्रने प्लग लावला. हितेश तिकडून मोजत होता, बुधाजी इकडे प्रत्येक आकड्याला एक 'रामकृष्ण हरी' म्हणत होते. तिसऱ्या तिशीतल्या सव्विसाव्या आकड्याला त्यांनी भक्तिभावाने मान डोलावली. खांद्यातला मोबाइल सुटला, आणि थेट देवाच्या ताम्हनात पडला. ताम्हनात पंचामृत होतं.

"हॅलो?" बुधाजी ताम्हनाकडे बघून म्हणाले. "जावईबापू? सोडू का?"

ताम्हनातून एक बुडबुडा आला.

कुंदाबाईंनी मोबाइल बाहेर काढला, पदराने पुसला, उलटा करून झटकला. आतून दही निघालं. "गेला," त्या म्हणाल्या.

"आता?" राजेंद्र म्हणाला. "दादा, नव्वद झाले. माझ्या घड्याळात झाले. सोडा."

"हितेश सोडा म्हणाले का?"

"ते ताम्हनात गेलेत, दादा."

"मग नाय सोडायचं."

राजेंद्र धावत वर गेला, इंटरनेटवर वाचून खाली आला. "दादा, तिथेही नव्वदच लिहिलंय. जास्त धरायची गरज नाही."

"जास्त धरलं तर काय होतं, ते लिहिलंय?"

"नाही, ते... तसं नाही लिहिलेलं."

"आणि कमी धरलं तर वीट." बुधाजींनी खुर्चीत नीट बैठक मारली. त्यांच्या चेहऱ्यावर सप्ताहाचं तेज आलं. "राजेंद्र, पुंडलिकाने देवाला वीट दिली आणि थांब म्हणाला. जा म्हणाला का? नाय म्हणाला. मग देव निघून गेला का? 'झाले माझे नव्वद' म्हणाला का? अजून उभा हाय. आणि मी एक बोट धरू शकत नाय?"

राजेंद्रच्या सायन्समध्ये हा धडा नव्हता. शिवाय, खरं सांगायचं तर, त्यालाही त्या विटेची भीती बसली होती. डब्यात आत्मा त्याने घातला होता. पोरीचं कीर्तन बुडालं तर नाव त्याचंच. "मी हितेशना मेल टाकतो," तो म्हणाला आणि पुन्हा वर गेला.

राजेंद्रच्या मोबाइलवरून परदेशात फोन लागत नव्हता, म्हणून शेजारच्या जनूला स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर पिटाळलं. जनू मृदंग वाजवायचा आणि बाकी वेळ रिक्षा चालवायचा. अर्ध्या तासाने तो परत आला. "आवो मामा, नुसतीच रिंग वाजते. कोन उचलीत नाय. नेत्राताईचा पन बंद."

"हॉल लावत असतील," कुंदाबाई म्हणाल्या. "स्टेज, माइक, फुलं. फोन पिशवीत असणार."

"मग येईल संध्याकाळपर्यंत आज्ञा," बुधाजी शांतपणे म्हणाले. "तोवर धरायचं."

"आवो, पण तुम्हाला आंघोळ हाय, जेवण हाय, गोळ्या हायत!"

बुधाजींनी बायकोकडे अशा नजरेने बघितलं की जणू तिने चाळीस वर्षं सप्ताह कुठे बघितलाच नाही. सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री खाली ठेवत नाहीत. एक माणूस पहारा करतो, त्याचे दोन तास झाले की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. माणसं बदलतात, वीणा चालू राहते. ह्यात कळायचं काय आहे?

"पाय धुऊन ये," ते जनूला म्हणाले.

जनू पाय धुऊन आला. त्याने डब्याला नमस्कार केला, आपलं बोट बुधाजींच्या बोटावर ठेवलं, बुधाजींनी आपलं बोट खालून अलगद सरकवलं, आणि बटणाला क्षणभरही उसंत न मिळता पहारा बदलला. दोघांनीही "रामकृष्ण हरी" म्हटलं. बुधाजी आंघोळीला गेले.

आता मांजर्लीत अशी गोष्ट चार भिंतींत राहते थोडीच? जनू दारासमोरच बसला होता. येणारा-जाणारा विचारी, "काय रे जनू, काय धरलंस?" जनू म्हणे, "पहारा हाय." पहारा म्हटल्यावर माणूस चप्पल काढून आत येतो. साडेअकरापर्यंत भजनी मंडळाच्या सहा बायका आल्या. कुणीतरी सतरंजी अंथरली. डबा मांडीवर बरा दिसत नाही म्हणून पाटावर घेतला, पाटाखाली तांदूळ आले, डब्याच्या कपाळी बुक्का लागला. कपाळ नेमकं कुठलं ह्यावर थोडा वाद झाला. अँटेना ज्या बाजूला त्याच्या विरुद्ध, असं ठरलं. बारा वाजता टाळ आले. टाळ आले म्हटल्यावर शिऱ्याचा रवा भाजायला पडला.

"कोणाचा सप्ताह?" मागून आलेल्या एकीने विचारलं.

"नेत्राच्या कीर्तनाचा," कुंदाबाई म्हणाल्या. "नव्वद सेकंदांचा होता. लांबला."

राजेंद्रचा पहारा एक ते दोन. तो पाय धुऊनच आला होता. नमस्कार करताना किंचित अडखळला, पण मग त्याने डब्यासमोर हात जोडले, कसे ते त्याचं तो जाणे, आणि डोळे मिटून जे ताठ बसला, ते तासभर पापणी हलली नाही. बायका कौतुकाने बघत राहिल्या.

"शिकलेला असून किती स्थिर बसलाय बघा."

"मी इगतपुरीला विपश्यनेत दहा दिवस मौनात बसून आलोय, मावशी," तो डोळे न उघडता म्हणाला. "तिथे तर बटणपण नव्हतं."

दीड वाजता लोडशेडिंग झालं. पंखा थांबला, आणि काल संध्याकाळपासून लुकलुकणारे डब्याचे दिवे विझले. राजेंद्रने एक डोळा उघडला. "दादा, लाइटच गेली. आता दाबून काय उपयोग? डबा बंद आहे."

"वीणेला लाइट लागते का?" बुधाजींनी विचारलं.

राजेंद्रने डोळा मिटला.

तीनच्या सुमाराला समोरच्या बिल्डिंगमधल्या वेणूबाई आल्या आणि डब्याला जास्वंद वाहून डोळे पुसू लागल्या. त्यांचा लँडलाइन पावसापासून मुका होता. "सगळ्या तक्रारी करून झाल्या हो," त्या डब्याला म्हणाल्या, "आता तूच." सगळ्यांना गलबलून आलं. एक गजर जास्तीचा झाला.

पण बुधाजींचं लक्ष गजरात नव्हतं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चार वाजले, लाइट आली, डबा पुन्हा लुकलुकू लागला. साडेचार वाजले, जनू दुसऱ्यांदा बूथवर जाऊन हात हलवत परत आला. मेलला उत्तर नाही. पाच वाजता पहारा पुन्हा त्यांच्याकडे आला, आणि बोट बटणावर ठेवताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं, आज्ञा आलीच नाही तर? तिकडे पोरगी स्टेजवर समोर बघत उभी राहणार. बाप दिसल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही; हट्टी आहे, बापावर गेली आहे. मंडळाची माणसं घड्याळं बघणार, मग कुणीतरी हळूच म्हणणार, नाही जमत तर राहू द्या. आणि बाप इकडे शिऱ्याच्या वासात बोट दाबून बसलेला. भुवया तर पोचणार नव्हत्याच तिथे.

"कुंदा," ते हळू आवाजात म्हणाले, "माझं चुकलं काय गं?"

कुंदाबाई शिऱ्याची कढई उतरवत होत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चाळीसेक माणसं होती. त्यांतले निदान आठ पुरुष शिरा खाऊन नुसते बसले होते.

"एवढे दांडगे इथं बसलेत," त्या म्हणाल्या, "आणि इंटरनेट वर हाय. डॉक्टर काय म्हणाला? जिना चढायचा नाय. उचलून न्यायचं नाय असं म्हणाला का?"

दिवसभरात चाळीस माणसं येऊन बसली होती आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पण पहारा—" बुधाजी म्हणाले.

"पहारा येऊ द्या की बरोबर! वीणेला लाइट लागत नाय ना? मग भिंत कशाला लागते?"

प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले. बुधाजी खुर्चीत, डबा त्यांच्या मांडीवर, बोट बटणावर, जास्वंद अजून अँटेनात. चौघांनी खांदा दिला, मग वळणावर पेलेना म्हणून सहांनी. पुढे टाळकरी, मध्ये खुर्ची, मागे लॅपटॉप कवटाळून राजेंद्र, त्यामागे कढई घेतलेल्या बायका. पहिल्या मजल्यावरचे लोक दार उघडून हात जोडून उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावर एका म्हातारीने, पालखीखालून काढतात तसा, खुर्चीखालून नातू काढून घेतला. वळणावर बुधाजींची टोपी भिंतीला घासून पडली. ती उचलायला त्यांच्याकडे एकच हात मोकळा होता, आणि तो त्यांनी जीव मुठीत धरून कठड्याला लावला होता.

राजेंद्रच्या घरात भिंतीवर बुद्धांची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, खाली मेणबत्ती. बुधाजींनी खुर्चीतूनच मान लववली. राजेंद्रच्या आईने सगळ्यांना पाणी विचारलं, चाळीस माणसं बघून हंडाच पुढे ओढला. लॅपटॉप टेबलावर लागला. वर्तुळ फिरलं, फिरलं, आणि पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पडद्यावर नेत्रा आली. नऊवारी नेसलेली, गळ्यात तुळशीची माळ, आणि डोळे रडायच्या बेतात.

"बाबा! कुठे होतात? आईचा फोन—" तिने नीट बघितलं. "तुमच्या मांडीवर काय आहे?"

तिच्या मागून हितेशचं डोकं आलं. "बाबा, तो राउटर ना? तुम्ही बटण का दाबलंय?"

"तुम्ही सोडा म्हणाला नाय, जावईबापू."

हितेश कॅमेऱ्याच्या जवळ आला. "सकाळपासून?"

"एक सेकंद सुटलेलं नाय," मागून जनू अभिमानाने म्हणाला.

हितेश काहीतरी बोलणार होता. बहुधा सोडा म्हणणार होता. पण नेत्राने त्याला हाताने मागे सारलं. ती मांडीवरच्या डब्याकडे बघत होती, बुक्क्याकडे, जास्वंदीकडे, बापाच्या पांढऱ्या पडलेल्या नखाकडे. मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि मागे वळली. तिकडे मृदंगावर थाप पडली.

नेत्राने कीर्तन केलं. कसं केलं ते सांगायला माझी लेखणी पुरणार नाही. थोडक्यात सांगायचं तर पहिल्या दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या चाळीस माणसांना आपण बदलापुरात आहोत ह्याचा विसर पडला. गजराला बहरीनचे लोक उठले, मांजर्लीचेही उठले. बुधाजींनी भान विसरून दोन्ही हातांनी टाळी वाजवली, आणि त्याच क्षणी पडदा गोठला. नेत्राचा हात हवेत, तोंड उघडं.

"बोट!" जनू ओरडला.

"बोट! बोट!" चाळीस माणसं ओरडली. बुधाजींनी झडप घालून बटण दाबलं. नेत्रा हलली, अभंग पुढे सुरू झाला. डब्याची वायर तळमजल्यावर भिंतीतच राहिली होती, डबा कशालाही जोडलेला नव्हता. ही गोष्ट एकट्या राजेंद्रच्या लक्षात आली. पण त्याने दोन क्षण विचार केला आणि हळूच म्हणाला, "दादा, धरूनच ठेवा."

सव्वासातला कीर्तन संपलं. हार झाले, आरती झाली. नेत्रा घामाने भिजलेली, चालत चालत कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. पडद्यावर नुसते तिचे डोळे दिसू लागले.

"बाबा. सांगा."

बुधाजींनी घसा साफ केला.

"एक," ते म्हणाले, आणि दिवसभर दाबून ताठरलेलं बोट त्यांनी वर केलं. "दुसऱ्या चरणाला घाई केलीस."

"हो," नेत्रा म्हणाली. तिचा चेहरा उजळला.

"दोन. सासू-सुनेचा दृष्टांत लांबला. लोक हसले म्हणून तू अजून ओढलास."

"हो बाबा."

"तीन. गजरात टाळकऱ्यांच्या पुढे पळालीस."

"हो." ती आता हसत होती आणि रडतही होती. तिला माहीत होतं, न ऐकता हा माणूस चूक काढू शकत नाही. आणि अख्खं ऐकल्याशिवाय तीन काढू शकत नाही. "चौथी?"

बुधाजींचं चौथं बोट अर्धवट वर आलं. भुवया वर गेल्या, खाली आल्या. ओठ हलले. कुणाला वाटलं लॅपटॉप पुन्हा गोठला.

"चौथी," ते म्हणाले, "शोधली मी. नाय सापडली."

कुंदाबाई गर्रकन मागे वळल्या. चाळीस वर्षांच्या संसारात असं वाक्य त्यांनी त्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं, मागे दुसराच कोणी बोलला.